वाचता येतं, लिहिता येत नाही

"पुढचं कोण?" म्हणत डॉक्टरने मान वर केली आणि त्याच्या हातातला बारीक स्क्रू टेबलाखाली घरंगळला.

पुढचं गिऱ्हाईक काउंटरला टेकून उभं होतं. खांद्याला पर्स, हातात रुमालात गुंडाळलेली हार्ड डिस्क.

डॉक्टर म्हणजे काही खराखुरा डॉक्टर नव्हे. त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. पण बिघडलेलं यंत्र हातात घेतलं की "कधीपासून होतंय?" असं विचारायची खोड, म्हणून गल्लीने ते नाव पाडलं होतं. एरवी माणूस बोलका. गेले काही दिवस मात्र तोंडाला कुलूप होतं. पण गिऱ्हाईक समोर आलं की बोलावंच लागतं. दुकान मांडून बसल्यावर मौन पाळून कसं चालेल?

"बोला," तो म्हणाला. "कधीपासून होतंय?"

"पहिल्यापासूनच," बाई म्हणाल्या. "आता सहन होत नाही, एवढंच."

बाकावर प्रिंटर मांडीवर घेऊन बसलेल्या आजोबांनी कान टवकारले. त्यांचा नंबर पुढचा होता, पण आता त्यांना कसलीच घाई राहिली नाही.

बाईंनी डिस्क पुढे सरकवली. "घरात दोन कॉम्प्युटर. नवऱ्याचा विंडोजवाला, माझा मॅक. अख्ख्या घराचं सगळं या एका डिस्कवर. पण माझ्या कॉम्प्युटरला लावली की नुसतं बघत बसायचं. फोटो दिसतात, फिल्म दिसतात. माझं काही त्यात ठेवायला गेलं की जमत नाही म्हणून सांगते."

डॉक्टरने डिस्क मशीनला लावलीसुद्धा नाही. "एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केलीय. विंडोजची पद्धत आहे ती. मॅकला ती वाचता येते, लिहिता येत नाही."

"अगदी बरोबर. वाचता येतं, लिहिता येत नाही. त्या घरात माझं सगळंच तसं चाललंय."

"घरात कुणाला विचारलं नाहीत?"

"ज्यांनी केली त्यांनाच विचारायचं? त्यांना यातलं सगळं कळतं ना! मग मला विचारायची गरज काय त्यांना?"

"असतात बुवा असले नवरे," आजोबा मध्येच म्हणाले. "डॉक्टर, तुम्हीच सांगा. चुकलं की नाही त्याचं?"

डॉक्टर स्क्रू शोधायला टेबलाखाली वाकला होता. स्क्रू सापडायला जरा जास्तच वेळ लागला.

"चुकलं," टेबलाखालून आवाज आला.

"मला दुसऱ्या शहरात नोकरी मिळालीय," बाई म्हणाल्या. "सोमवारी हजर व्हायचंय. लेकीला घेऊन जावं म्हणतेय. घरात अबोला आहे, त्यामुळे चर्चेचा प्रश्नच नाही. आज म्हटलं, एकदा विचारून तर बघू. दोघांना सारखं लिहिता येईल अशी काही सोय निघते का? निघाली तर राहीन. नाही तर माझं मला वेगळं काढून द्या, मी निघते."

या काउंटरवर लोक कॉम्प्युटरबरोबर संसारही उघडून ठेवत. डॉक्टरला त्याची सवय होती. तरी आज त्याने स्क्रूड्रायव्हर उलटाच धरला.

"सोय आहे," तो घाईघाईने म्हणाला. "म्हणजे, फॅट थर्टीटू नावाची पद्धत दोन्हीकडे चालते. पण जुनी आहे ती. चार जीबीहून मोठी फाइल त्यात मावत नाही."

"लेकीच्या नाटकाची सलग फिल्म आहे. फार मोठी."

"तिचे तुकडे करावे लागतील."

"तुकडे नकोत."

"नकोतच!" डॉक्टरचा आवाज इतका चढला की आजोबांनी प्रिंटर घट्ट धरला. "मग एक्सफॅट करू. मोठ्या फाइली मावतात. दोन्हीकडे वाचता येतं, दोन्हीकडे लिहिता येतं. कुणी कुणाची परवानगी मागायला नको."

"एवढं सोपं होतं तर आधीच का नाही केलं?"

काउंटरवरची काच डॉक्टरने उगाचच बाहीने पुसली.

"सुचलं नसेल," तो म्हणाला. "ज्याचं बिनबोभाट चाललेलं असतं, त्याला दुसऱ्याचं अडलेलं दिसत नाही. वाईट आहे ते. पण मुद्दाम केलं नसेल."

बाईंनी विचारलं, "यात मेख काय आहे?"

"एकच. ही पद्धत जरा नाजूक असते. डिस्क मध्येच उपटायची नाही. आधी काढतोय म्हणून कॉम्प्युटरला सांगायचं, मग काढायची. न सांगता ओढली तर आतलं सगळं जाऊ शकतं."

"मी सांगेन हो. पण त्यांना ती सवय नाही. बिनसलं की न सांगता तरातरा निघून जातात."

"सवय लावून घेतील," डॉक्टर म्हणाला. "घ्यावीच लागेल."

"आणि आत आहे त्याचं काय?"

"नवी पद्धत लावायची तर डिस्क कोरी करावी लागते. पण त्याआधी सगळं माझ्या मशीनवर उतरवून घेतो, मग परत भरतो. एकही फोटो जाणार नाही. डोळ्यात तेल घालून करतो."

"करा मग," बाई म्हणाल्या. त्यांनी रुमालाची घडी करून पर्समध्ये टाकली. आल्या तेव्हा आवळलेला चेहरा आता सैलावला होता. सोमवारचं त्यांनी पुन्हा काढलं नाही, आणि त्यानेही विचारलं नाही.

आजोबांना राहवेना. "खरं सांगू का बाई, तुम्हाला नवरा आमच्या डॉक्टरसारखा समजूतदार मिळायला हवा होता."

"हो ना," बाई म्हणाल्या आणि आल्यापासून पहिल्यांदाच हसल्या. "बरं डॉक्टर, न्यायला कधी येऊ?"

डॉक्टरने डिस्क दोन्ही हातांनी उचलली आणि जपून आपल्या बाजूला ठेवली.

"तू कशाला परत हेलपाटा घालतेस?" तो म्हणाला. "संध्याकाळी घरी येताना मीच घेऊन येतो. जेवायला थांब."