मिस अर्लीनचं जोतं

वेंडेलने पुढे केलेली पाण्याची बाटली राजारामने हसून नाकारली आणि आपल्या पिशवीतली काढली. फुकट मिळणाऱ्या प्रेमाचा त्याला पहिल्यापासूनच संशय.

वेंडेल हा मोर्चाचा म्होरक्या, पांढऱ्या केसांची शेपटी बांधणारा जुना सैनिक. त्याच्यामागून पंचवीस-तीस माजी सैनिक चालत होते, लुईझियानाच्या किनाऱ्यालगतच्या, चक्रीवादळाने झोडपलेल्या गावांमधून. युद्धं पुरे झाली, आधी ही घरं उभी करा, एवढंच त्यांचं म्हणणं. ते इतकं सरळ होतं की राजारामला वाटत होतं, इथेच कुठेतरी पाणी मुरतंय. चँडलर गावातल्या कॉम्प्युटर-चिपच्या कारखान्यात त्याने सगळी नोकरी चांगल्या दिसणाऱ्या वस्तूंमधला दोष शोधण्यात घालवली होती. आणि इथे तर त्याचा पोटचा पोरगा या लोकांच्या गळाला लागला होता.

सैनिक म्हणून अफगाणिस्तानात जाऊन परतल्यापासून ओजस घराचा उंबरा ओलांडत नव्हता. यायचा, दाराबाहेरच आईला मिठी मारायचा, अंगणात उभ्याउभ्या पोहे खायचा आणि निघायचा. विचारलं तर ताकास तूर लागू द्यायचा नाही. त्याची आई शुभा रडून थकली. राजारामने तिला ठणकावून सांगितलं होतं की या मोर्चेवाल्यांनी त्याचे कान भरलेत, मी जातो, चार दिवस चालतो आणि त्याला घेऊन घरात येतो. शांततेशी राजारामचं काही वाकडं नव्हतं, पण तो आला होता मुलासाठी.

दुपारपर्यंत त्याचा धीर संपला. ओजस पुढे गेलेला बघून त्याने वेंडेलला गाठलं आणि सरळ विचारलं, की आईबापाबद्दल माझ्या मुलाच्या डोक्यात तुम्ही काय भरवलंय?

वेंडेल चालता चालता थांबला. त्याने राजारामला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"मीच तुम्हाला विचारणार होतो," तो म्हणाला. "आम्ही सगळे समजत होतो, तुम्हीच त्याला घराबाहेर काढलंय."

 म्हणजे सकाळपासून ही माणसं आपल्याकडे जपून बघत होती, ती यासाठी. राजारामला रागही आला आणि थोडी लाजही वाटली.

ओकच्या एका मोठ्या झाडापाशी सगळे थांबले. झाडामागे घर नव्हतं. रस्त्याकडेला पत्रपेटी होती, चार सिमेंटच्या पायऱ्या होत्या आणि त्यांच्यावर नुसतं जोतं, वर ओढलेली निळी ताडपत्री. ताडपत्रीखाली घडीच्या खुर्चीवर एक वयस्कर काळी बाई हाताची घडी घालून बसली होती. गावात सगळे तिला मिस अर्लीन म्हणत. तिने मोर्चाकडे पाहिलं ते घरात शिरणाऱ्या मांजराकडे पाहावं तसं. विम्याचे लोक येऊन गेले, मतं मागणारे येऊन गेले, प्रार्थना करणारेही येऊन गेले, सगळ्यांनी फोटो तेवढे नेले, असं तिने ऐकवलं. तुम्हाला सावली हवी असेल तर या, फोन खिशात ठेवा.

माणसं दमलेली होती. जो तो जिथून जमेल तिथून जोत्यावर चढला, कुणी बाजूने, कुणी मागून. राजारामला गुडघ्यामुळे पायऱ्यांनी जावं लागलं. वर पोचल्यावर त्याला झाडून लख्ख केलेली फरशी दिसली. तो वाकला, त्याने बूट काढले, कडेला नीट जोडून ठेवले आणि मोज्यांनी आत गेला. विचार करून नव्हे. पायांना तेवढंच माहीत होतं.

कुणीतरी खुदकन हसलं. तेव्हा कुठे राजारामच्या लक्षात आलं की इथे ना दार आहे, ना भिंत. तो ओशाळला. परत जाऊन बूट घालावेत का, असा विचार करत तो तसाच उभा राहिला.

मिस अर्लीन खुर्चीतून उठली होती. तिच्या हातांची घडी सुटली होती.

"दार तिथेच होतं," ती म्हणाली. "या, बसा."

आणि तिने आपली खुर्ची त्याच्यापुढे सरकवली.

 वेंडेल खाली उतरला, पायऱ्यांनी परत वर आला आणि बुटांच्या नाड्या सोडू लागला. बाकीचेही तसेच आले. बघता बघता वरच्या पायरीपासून जोत्याच्या कडेने बुटांची रांग लागली.

ओजस तेवढा खाली उभा होता. तो त्या रांगेकडे बघत होता, आणि घरी दाराबाहेर उभा असताना दिसायचा तसाच त्याचा चेहरा झाला होता. राजारामच्या मनातली पाल पुन्हा चुकचुकली, पण या वेळी संशय वेंडेलवर नव्हता आणि स्वतःवरही नव्हता. तो मोज्यांनीच पायऱ्यांपर्यंत आला.

"अरे, वर ये की," तो हळूच म्हणाला. "इथे तर घरसुद्धा नाही. इथे कसली भीती?"

ओजसने नजर वर केली नाही.

"एव्हरी सिंगल हाउस, बाबा," तो म्हणाला. "तिकडे दारात चपलांची रांग असायची. लहान, मोठ्या. जस्ट लाइक अवर्स. सर्च करायला आम्ही त्या तुडवून आत जायचो."

 राजाराम गुडघा सांभाळत खाली बसला, आणि त्याने आपले बूट हाताने बाजूला सरकवून रांगेत एका जोडाची जागा केली.