अहिराणीत सांगितलेलं

रकाना सहा. हा शोध यापूर्वी कुठे जाहीरपणे सांगितला, दाखवला किंवा छापला आहे काय?

☐ होय ☐ नाही

पेटंटच्या अर्जातल्या पहिल्या पाच रकान्यांत पुनमचं पेन कुठं अडलं नव्हतं. कंपनीचं नाव. संचालक दोन. शोधाचं वर्णन: केळीच्या खांबाच्या रसाचा लेप, त्यात बुडवलेली भरिताची वांगी नऊ दिवस ताजी राहतात. इथं मात्र पेन टेबलावर आडवं झालं.

"नाहीवर खूण कर," नीलेश सर म्हणाले. ते तिचे पीएच.डी.चे मार्गदर्शक. आता कंपनीतला दुसरा संचालक. "दोन वाजता कुरिअरवाला येतोय."

"सर, आमच्या गावी, सोनगीरला सत्कार झाला होता ना."

"तो व्हिडिओ? वडिलांना सांग, काढून टाका म्हणावं."

तर सत्काराचं असं झालं होतं. पुनम डॉक्टर झाली म्हणून समाजाच्या मंडळानं शाल दिली, नारळ दिला आणि दोन शब्द बोलायला सांगितलं. ती अकरा मिनिटं बोलली. पुढच्या सतरंजीवर सगळ्या बायाच, म्हणून अहिराणीत बोलली. खांब कधी कापायचा, रस कशात उकळायचा, कुठला वास आला की उतरवायचा, सगळं सांगून टाकलं. पेटंटची फाईल तेव्हा विद्यापीठाच्या समितीकडे पडून होती. अर्जाआधी जाहीर झालेल्या शोधाला पेटंट मिळत नाही, तोवर तोंड बंद ठेवायचं असतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या वडिलांनी, पंडितनानांनी, ते अकरा मिनिटं मोबाइल धरून उभ्यानं टिपलं आणि यूट्यूबवर चढवलं.

"एकशे चौदा वेळा पाहिला गेलाय," पुनम म्हणाली.

"त्यातल्या शंभर वेळा तुझ्या वडिलांनीच पाहिला असेल." सर हसले. "आणि अहिराणी आहे ती, पुनम. दिल्लीतल्या परीक्षकाला काय कळणार? त्याच्या लेखी तू बोललीच नाहीस."

बोललीच नाहीस.

बोललीच.

नाहीस.

आणखी एक गोष्ट होती. तिच्यासाठी अर्जात रकानाच नव्हता.

टाकी. दोनशे लिटरची, स्टीलची. फेब्रुवारीपासून सहा वेळा तिच्यात रस फाटला होता. काचेच्या बीकरमध्ये जमणारा लेप टाकीत जमत नव्हता. वांगी चौथ्या दिवशी हाताला मऊ लागायची, पाचव्या दिवशी त्यांच्याकडे बघवायचं नाही. माहितीपत्रकावर मात्र नऊ दिवस छापून झालं होतं. सोमवारी पुण्याहून भांडवल घालणारे येणार होते. पेटंटचा अर्ज नसेल तर ते थांबणार नव्हते. ते थांबले नाहीत तर कंपनी बंद, आणि पुनमची चार वर्षं विद्यापीठाच्या कपाटात एक जाड बाइंडिंग होऊन बसणार. "आधी पेटंट, मग टाकी," असं सरांचं उत्तर ठरलेलं. ती मान डोलवायची. सहाही वेळा डोलवली होती.

तिनं सोनगीरला फोन लावला.

"नाना, तो सत्कारना व्हिडिओ काढी टाका."

"कसाले माय?" नानांचा आवाज चढला. "काय वंगाळ बोलनी व्हतीस तू त्यामा?"

"वंगाळ नही नाना. कंपनीनं काम शे."

पलीकडे हातोडीचा ठणठणाट. नाना शेजारच्या भांडी ठोकणाऱ्याकडे बसलेले असणार.

"काढस," नाना म्हणाले. "पन त्याना खाल कोनीतरी काय लिखेल शे. ते आधी वाची ले. मंग सांग, काढू का नको."

तिनं व्हिडिओ उघडला. स्वतःच्या तोंडाकडे न बघता खाली सरकली. तिथं एकच अभिप्राय होता, आठ दिवसांपूर्वीचा. शिंदखेड्याच्या कुणा यशोदाबाईंचा.

"ताई, तुम्हीन सांगं तसंच करं. पोरना लगीनकरता दोन क्विंटल वांगा व्हतात. नऊ दिन ठेयात. एक बी वांगं सडनं नही. आते आमना गावमा बठ्ठ्या बाया असंच करतस."

सर खुर्चीमागून वाकून वाचत होते. ते मूळचे धुळ्याचे. त्यांना अर्थ विचारावा लागला नाही.

"हे आधी काढ," ते हळू आवाजात म्हणाले. "ही बाई म्हणजे आपलं मरण आहे. व्हिडिओ गेला की तिचं लिहिलेलंही जाईल. कुणी पाहिलेलं नाही."

बठ्ठ्या बाया. सगळ्याच्या सगळ्या. व्हिडिओ काढता येईल. गाव कसं काढणार?

पण पुनमची नजर तिथं थांबली नाही. ती मागे जाऊन एका आकड्यावर अडली होती. दोन क्विंटल. दोन क्विंटल वांग्यांना पुरेल एवढा रस बीकरमध्ये मावत नाही. म्हणजे कुणीतरी, कुठल्यातरी अंगणात, कुठल्यातरी मोठ्या भांड्यात तो केला होता. आणि तो फाटला नव्हता.

तिनं पेन उचललं.

☑ होय

"पुनम," सर म्हणाले, "या एका खुणेनं सगळं संपतं. कळतंय ना तुला?"

"कळतंय सर."

"मग सोमवारी त्या लोकांना काय सांगायचं?"

"टाकी दाखवायची."

सरांनी अर्ज ओढून घेतला, खूण पाहिली, परत ठेवला. मग ते खिडकीशी गेले आणि तिच्याकडे पाठ करून उभे राहिले. खाली कुरिअरवाल्यानं गाडी स्टँडला लावल्याचा आवाज आला.

पुनमनं फोन हातात घेतला. जाहीर, कुणालाही दिसेल अशा जागी, यशोदाबाईंच्या चार ओळींखाली, तिनं लिहिलं:

"अक्का, इतला रस तुम्हीन कसा करा? माले जमत नही."