खिडकी नसलेला मजला

जपानमधल्या मात्सुमोतो किल्ल्याचा चारशे वर्षांहून जुना लाकडी मनोरा बाहेरून पाच मजली दिसतो, पण आत सहा मजले आहेत. तिसऱ्याला खिडकीच नाही, म्हणून तो बाहेरून कळत नाही. पुण्याहून आलेल्या सासूबाईंना तो दाखवायला वृंदाने ऑफिसातून मुद्दाम रजा काढली होती. पण जिने फार उभे आहेत हे ऐकून त्या खालीच बाकावर बसल्या.

"माझे गुडघे काही ऐकायचे नाहीत. तू ये जाऊन."

वृंदा धापा टाकत सहाव्या मजल्यावर पोचली. खिडकीतून तिने खाली पाहिलं, तर बाक रिकामा होता. तिने घाईघाईने फोन लावला.

"आई, कुठे आहात तुम्ही?"

"तिसऱ्या मजल्यावर. केवढा अंधार आहे गं इथे! आणि हाताला धरून नेतेयस, तर फोन कशाला करतेस?"

वृंदा जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. थोड्या वेळाने सासूबाई वर आल्या. चेहरा प्रसन्न होता, गुडघे मुळीच दुखत नव्हते. डावा हात मात्र कुणीतरी धरल्यासारखा अधांतरी होता.

"आई!"

त्यांनी वृंदाकडे परक्यासारखं पाहिलं. मग डावीकडे वळून हळूच विचारलं, "वृंदा, ही कोण गं?"