उपडा हंडा

प्रार्थना मुकादमाच्या कानावर गेली, की आम्हा गुलामांच्या पाठीवर चाबूक ठरलेला. म्हणून दर रविवारी हॅगर मावशी झोपडीच्या दारात कपडे उकळायचा लोखंडी हंडा उपडा घालायची. आमचा आवाज त्या हंड्यात कोंडला जातो, बाहेर जात नाही, ही आमची श्रद्धा. तरी आम्ही हळूच गायचो, तेव्हा मावशी डाफरायची, "देवावर विश्वास ठेवता ना? मग हंड्यावर ठेवायला काय जातं?" अकरा वर्षांत मुकादम एकदाही आला नव्हता.

त्या रविवारी मावशीची लेक टेंपी तान्ह्या बाळाला पोटाशी धरून, तंबाखूच्या शेतातून वाकून ओहायो नदीकडे पळाली. नदीपलीकडे गुलामी नव्हती. ती अर्ध्या वाटेत असेल-नसेल, बाळ रडलं. समोरच्या ओसरीवर मुकादम उठला, त्यानं कानोसा घेतला आणि कुत्र्यांच्या साखळीला हात घातला. आमचं गाणं थांबलं.

मावशीनं दारातल्या हंड्याला लाथ मारून तो उलथवला.

"आता गा," ती म्हणाली, "कुत्री घेऊन तो इकडेच आला पाहिजे."