एकट्यांची सहल

पासपोर्टांची फाइल ऑफिसच्या फ्रिजमध्ये सापडली. ताकाच्या बाटलीला टेकून उभी होती, चांगली गारेगार.

मंतशाने ती बाहेर काढली. व्हिसाचं काम तिच्याकडे, त्यामुळे सकाळपासून ती कपाटं उपसत होती. उल्काताईंनी फाइल पदराने पुसली आणि हळूच म्हणाल्या, "साहेबांना काही बोलू नकोस हं."

मंतशा त्यांच्याकडे बघत राहिली. "नाही बोलणार, ताई."

पण गद्रे साहेब दारातच उभे होते. त्यांनी फाइल पाहिली, उघडा फ्रिज पाहिला. "अरेच्चा! मीच ठेवली असणार," असं म्हणून हसले आणि केबिनमध्ये गेले.

उल्काताईंनी घाईघाईने फ्रिजचं दार लावून टाकलं.

गद्रे साहेबांच्या या सहल कंपनीत त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली होती. साहेबांनी स्वप्नं बघायची आणि ताईंनी त्यांना तिकिटं काढून द्यायची, अशी वाटणी होती. यंदाचं स्वप्न व्हिएतनामचं होतं. जोडीदार गमावलेल्या माणसांचीच सहल. जोडप्यांच्या सहलीत एकट्या माणसाला सगळ्यांचे फोटो काढायला उभं करतात, हे साहेबांनी बायको गेल्यावर स्वतः अनुभवलं होतं. उल्काताईंनीही. त्यांच्या आल्बममध्ये लोकांची जोडपी होती, त्या स्वतः एकाही फोटोत नव्हत्या. म्हणून ही सहल निघायलाच हवी होती, आणि साहेबांच्या हातूनच.

अडचण साहेबांचीच होती.

दिवाळीपासून त्यांनी ऑफिसात सगळ्यांना छातीवर नावाचे बिल्ले लावायला लावले होते. अक्षरं एवढी मोठी की रस्त्यावरून वाचता यावीत. कपाटांवर चिठ्ठ्या आल्या. चहाच्या डब्यावर 'चहा'. रोज सकाळी बसमधल्यासारखी हजेरी व्हायची: प्रत्येकाने नाव, आजचा वार आणि आजचं काम मोठ्याने सांगायचं. "ऑफिसलाच सहलीची सवय लागू दे," साहेब म्हणत.

"कल्पना छानच आहे," उल्काताई सगळ्यांना पटवून देत. मनात मात्र त्यांना कळत होतं, माणूस कशाला धरून उभा आहे ते.

त्यात साहेब म्हणायचे, "हॉटेल बदललंय, सोमवारी बोललो ना आपण." उल्काताईंना ते पहिल्यांदाच कळत असे. पण त्या "हो हो, बोललात की," म्हणून निभावून नेत. साहेबाला चारचौघांत उघडं पाडणारी माणसं वेगळी.

तशा एका माणसाचा त्यांना संशयही होता. साहेबांचा मुलगा, आमोद. हिंजवडीची नोकरी सोडून हल्ली तो कोपऱ्यातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसायचा. बोलायचा कमी, बघायचा जास्त. फोन वाजला की मान वर. उल्काताईंनी पत्ता सांगायला सुरुवात केली की पुन्हा मान वर. बापाची खुर्ची मोजतोय, असं त्यांनी ठरवून टाकलं.

दुपारी चहा द्यायला त्या केबिनपाशी गेल्या. दार अर्धवट लोटलेलं होतं.

"किती दिवस झाकणार, बाबा?" आमोद म्हणत होता.

"सहल निघेपर्यंत."

"आणि परक्या देशात कोणी हरवलं म्हणजे?"

साहेबांची खुर्ची करकरली, पण आमोद थांबला नाही.

"उल्काताईंना सांगायला हवं."

"मी सांगेन. वेळ बघून."

उल्काताई चहा घेऊन तशाच मागे फिरल्या. आमोद बाहेर आला तेव्हा त्यांनी त्याला पाण्याच्या फिल्टरपाशी गाठलं.

"आमोद, तुझ्या बाबांचं हे स्वप्न आहे. ते पुरं होईपर्यंत त्यांना खुर्चीवरून हलवायचं नाही. नंतर हवं तर कंपनीचं लोणचं घाल."

"ताई, ही सहल बाबांइतकीच तुमची आहे."

"मला साखर लावू नकोस. मला मधुमेह आहे."

आमोद हसला नाही. डोळे पुसल्यासारखं करून निघून गेला. नाटकी, उल्काताईंना वाटलं. बापावरच गेला असता तर बरं झालं असतं.

तासाभराने साहेब स्वतः त्यांच्या टेबलापाशी आले. "उल्काताई, एरंडवण्यात डॉक्टरांकडे जायचंय. याल माझ्याबरोबर?"

"कसले डॉक्टर?"

"विसरण्याचे."

उल्काताईंनी आवाज खाली आणला. "आमोदला नेत नाही?"

"नको. आपण दोघंच."

त्यांनी पर्स उचलली. म्हणजे अखेर साहेबांनी त्यांच्यावरच विश्वास टाकला होता.

रिक्षात त्यांनी साहेबांची तयारी करून घेतली. "वार विचारतील, मंगळवार म्हणा. शंभरातून सात-सात वजा करायला लावतील, घाई करायची नाही. घड्याळाचं चित्र काढायला देतील. काटे विसरू नका."

"तुम्हाला बरंच माहीत आहे."

"वाचलं असेल कुठेतरी. आणि साहेब, काहीही निघालं तरी व्हिएतनाम होणार. मी आहे."

"तुम्ही आहात म्हणूनच होणार," साहेब म्हणाले आणि बाहेर बघू लागले.

"भरत नाट्य मंदिर मागे गेलं," उल्काताई म्हणाल्या.

"मागे नाही हो, ते इकडे नाहीच," रिक्षावाला म्हणाला. "मॅडम, पुण्याच्याच ना?"

"तुम्ही समोर बघा," साहेब त्याच्यावर कडाडले. इतके की उल्काताईंनाही दचकायला झालं. आजारात चिडचिड होतेच, त्यांनी समजून घेतलं.

दवाखान्यात फार थांबावं लागलं नाही. आतून बोलावणं आलं तशा उल्काताई पुढे झाल्या. साहेबांना आधी बोलायची वेळ येऊ द्यायची नव्हती.

"नमस्कार डॉक्टर. हे आमचे गद्रे साहेब. माणूस अजून तल्लख आहे बरं का, फक्त हल्ली जरा—"

"ठाऊक आहे, उल्काताई, दर वेळी तुम्हीच त्यांची ओळख करून देता," डॉक्टर खुर्ची पुढे ओढत म्हणाले. "बसा. साहेब नेहमीसारखे बाहेर थांबतील."