चढलेली रेस

मेकॅनिक चिमणभाईने व्हॅनची पुढची सीट पुन्हा उचलली. सीटखाली इंजिन घोंगावत होतं. पेडलवर कोणाचा पाय नव्हता. गाडीचा मालक धनेश तर बाहेर उभा होता. तरीही रेस खाली येत नव्हती.

महिनाभर हेच चाललं होतं. थ्रॉटल साफ झाला, हवेचे पाइप बदलले, रेसचा स्क्रू पार ढिला केला. ॲक्सिलरेटरच्या केबलवर विवळवेढ्याच्या महालक्ष्मीचा लाल धागा होता. चिमणभाई आधी त्याला नमस्कार करायचा, मग धक्का न लावता बाजूबाजूने काम करायचा.

आज ब्रेकचे लायनरही झिजलेले निघाले. धनेश म्हणाला, झिजणारच. गिअर टाकला की गाडी आपोआप पळायला बघते. झरीहून तलासरीला सवाऱ्या आणायच्या, तर ब्रेकवरचा पाय निघत नाही. पूर्वी लोक या गाडीला विमान म्हणायचे. आता सायकलवाले पुढे जाऊन हात दाखवतात.

त्याची बायको चंद्रिका डबा घेऊन बाकावर बसली होती. धाग्याला जपा, ती म्हणाली. तो तिनेच बांधला होता. मागच्या महिन्यात धनेशने हायवेवर भरधाव व्हॅन उलटवली. टाके त्याच्या कपाळाला पडले, झोप तिची उडाली. याचा वेग कमी कर, एवढंच तिने देवीकडे मागितलं. मग कोणती तार ओढली की गाडी पळते, ते धनेशलाच सहज विचारून घेतलं आणि तीच तार देवीच्या धाग्याने शेजारच्या पाइपाला घट्ट बांधून टाकली. हे सगळं तिने आता चिमणभाईला सांगितलं.

चिमणभाई वाकला. धाग्याने केबल बाजूला ताणली गेली होती. ताणलेली केबल थ्रॉटलची झडप मिटू देत नव्हती.

"वहिनी," तो जपून म्हणाला, "वेग कमी व्हावा म्हणून बांधलात, पण रेस त्यानेच चढलीय. सोडावा लागेल."

धनेश हसत सुटला. देवीने बरोबर उलटं ऐकलं म्हणाला. आता पुन्हा विमान.

चंद्रिका हसली नाही. तिने एक झिजलेला लायनर उचलून बोटाने चाचपला.

"महिनाभर तू ब्रेकवर पाय ठेवूनच चालवलीस ना?"

"मग काय करणार?"

तिने लायनर खाली ठेवला.

"चिमणभाई, लायनर नवे घाला," ती म्हणाली. "धागा राहू दे."