गोठलेली नदी

वडिलांच्या आजारपणात बिनसल्यापासून भावाभावांत बोलणं उरलं नव्हतं. चालू होता तो फक्त पटावरचा जुना युद्धखेळ, ईमेलवरून आठवड्याला एकेक चाल. परवा धाकट्याने गोठलेल्या नदीवरून तोफा नेल्या. बर्फावरून सैन्य जातं, असं नियमांत होतं. तोफांबद्दल अवाक्षर नव्हतं. थोरल्याने तिरीमिरीत ‘ही लबाडी आहे’ असं कळवलं. तेव्हापासून त्याला अन्न गोड लागेना. डाव मोडला तर भाऊही गेलाच. दुपारी धाकट्याचा फोन आला. ‘दादा, नाणेफेक करू. छापा पडला तर माझ्या तोफा नदीपार जातील. नाणं तूच उडव.’ ‘मी खोटं सांगितलं तर?’ ‘तू सांगशील ते खरं.’ थोरल्याने उडवलेलं नाणं घरंगळत कपाटाखाली गेलं. तो वाकलाच नाही. ‘छापा,’ तो म्हणाला. ‘नाणं लांब घरंगळलेलं ऐकलं मी, दादा. रविवारी येतो, दोघं शोधू.’